नऊ नंबरचा माग

"कानात ही टकटक चालू असताना मी वाजवायचं कसं?" दशरथने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि काचेतून आमच्याकडे बघितलं.

काचेच्या अलीकडे आम्ही तिघे होतो. मी, आमचा बेस वाजवणारा इम्तियाज मोमीन आणि स्टुडिओचे पेठे. पेठ्यांनी बटण दाबून माइकमधून सांगितलं, "त्या टकटकीबरोबरच वाजवायचं. ते घड्याळ आहे. तू मागे पडतोयस."

"मागं न्हाई पडत. ते तसंच हाय."

"प्रत्येक वेळी दुसरा ठोका उशिरा येतोय."

"व्हय. तो उशिराच येतोय," दशरथ शांतपणे म्हणाला. जणू पेठ्यांना ते उशिरा का होईना पण कळलं, याचं त्याला बरं वाटलं होतं.

पेठ्यांनी बटण सोडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, हा लंगडतोय." ते हसले. मीही हसलो. काचेपलीकडे आवाज जात नव्हता, पण चेहरे दिसत होते. दशरथही आमच्याकडे बघून हसला, कारण आम्ही कशाला हसतोय ते त्याला माहीत नव्हतं.

ही दोन हजार चारची गोष्ट. आमच्या बँडचं नाव धोटा. धोटा म्हणजे मागावर या टोकाकडून त्या टोकाकडे आडवा दोरा घेऊन पळणारा लाकडी तुकडा. इचलकरंजीत हे कुणाला सांगावं लागत नाही, पुण्यात दर वेळी सांगावं लागायचं. माझ्या वडिलांची, अण्णांची, चोवीस मागांची शेड होती. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्ही तिथे वाजवायचो. दशरथचे वडील महादेवकाका त्याच शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि इचलकरंजीत चांगला जॉबर म्हणजे कान. चोवीस माग एकदम खडखडत असताना, जिथे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, तिथे काका दारातूनच सांगायचे, "सतरा नंबरचा पट्टा सैल झालाय." जवळ जाऊन ते मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवत, डोळे मिटत, आणि मग पाना हातात घेत. चुकलेले मी कधी बघितले नाहीत.

या चोवीस मागांत एक नऊ नंबरचा होता. त्याचा एका बाजूचा ठोका वेळेवर पडायचा आणि दुसऱ्या बाजूचा किंचित रेंगाळून. खट, आणि मग थोडं थांबून, खटाक. अण्णा नेहमी म्हणत की तो एकदा सरळ करून टाका. काका म्हणत, "कापड बराबर येतंय न्हवं? मग त्याच्या चालीनं चालू दे त्याला." दशरथ तान्हा असताना त्याची आई तिथे धोट्यात बसवायच्या कांड्यांवर दोरा भरायची आणि त्याची झोळी नऊ नंबरच्या शेजारच्या खांबाला बांधायची. त्यामुळे तो ड्रमवर बसला की दुसरा ठोका तिथूनच यायचा. त्या रेंगाळण्याने ऐकणारा पुढे झुकायचा. आता पडेल, आता पडेल, असं वाटत असतानाच तो पडायचा. जयसिंगपूरला, सांगलीला, कोल्हापूरच्या एका कॉलेजात लोक आमच्यावर जे खूश झाले ते त्या ठोक्यावर. गाणी माझी होती, शब्द माझे होते, गिटार माझी होती. पण धोटाचा आवाज म्हणजे नऊ नंबर, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

डिसेंबरात पुण्यात एक मोठा रॉक महोत्सव होता आणि त्यात दोन नव्या बँडना जागा मिळणार होती. त्यासाठी सीडी पाठवायची होती. स्टुडिओ तीन दिवस आमचा होता. दशरथ दुसऱ्या एका शेडमध्ये मागावर कामाला होता, त्याला दोनच दिवसांची रजा मिळाली. शेवटी पेठे कंटाळले आणि म्हणाले, "ठीक आहे, टकटक बंद करतो, वाजव तुझ्या पद्धतीने." दशरथने सातही गाणी एका दमात वाजवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला स्वारगेटला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून तो म्हणाला, "अभ्या, कव्हरवर माझं नाव लिहिताना मधी बापूचं नाव घाल. पूर्ण. दशरथ महादेव कोष्टी."

"घालतो की."

"इसरू नको मर्दा."

तिसऱ्या दिवशी सकाळी पेठ्यांनी मला बाजूला घेतलं. हे असं पाठवलंत तर पहिल्या गाण्यातच बाजूला टाकतील, असं त्यांचं म्हणणं. नेल्सन नावाचा एक ड्रमर अकराला येणार होता, तो दुपारपर्यंत सातही गाणी नव्याने वाजवून देईल. "तुमच्या मित्राला कळणारही नाही. आम्ही आवाज इतका साफ करतो की कोण वाजवतंय ते ओळखू येत नाही."

इम्तियाजला हे सांगितलं तेव्हा तो बेसच्या तारा पुसत होता. त्याचा हात थांबला.

"दशाला फोन कर."

"शेडात फोन कुणाला ऐकू येतोय?"

"मग थांबूया."

"आजचा शेवटचा दिवस आहे इम्त्या."

"त्याची बी गाणी हायत ही."

"गाणी माझी आहेत," मी म्हणालो.

इम्तियाजने फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर जेवढं सांगितलं तेवढं वाजवलं. नेल्सन अकराला आला, चार वाजता गेला. सज्जन माणूस होता, आम्हाला शुभेच्छा देऊन गेला. त्याचा ठोका रुळासारखा सरळ होता. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. माझी गिटार पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे ऐकू येत होती. आजवर लोक माझ्याकडे बघून दशरथला ऐकत होते, आता मलाच ऐकणार होते. पेठ्यांनी भीती घातली म्हणून मी हो म्हणालो असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

कव्हरवर मात्र मी दशरथचंच नाव छापायला दिलं. मधल्या नावासकट.

सीडींचं खोकं दसऱ्याच्या तीन दिवस आधी आलं. मी ठरवलं होतं की आधी दशरथला गाठायचं आणि सांगून टाकायचं. त्या संध्याकाळी तो पाळी संपवून थेट आमच्या घरी आला, केसांवर कापसाचा धुरळा तसाच. मी सीडी त्याच्या हातात दिली. त्याने कव्हर उलटं केलं, आपलं नाव बोटाने वाचलं, आणि सीडी शर्टाच्या आत घातली.

"इथंच लावूया की," मी म्हणालो. तो ऐकेल, ओळखेल, चिडेल, मग मला सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

"न्हाई. परवा खंडेनवमीला लावायची. बापूबरोबर ऐकणार मी. बापू म्हणालाय, त्या दिवशी शेड गप असती, तवाच काय ते नीट ऐकू येतंय."

"दशा, एक सांगायचं होतं."

"काय?"

त्याच्या शर्टावर आतून सीडीचा चौकोन दिसत होता. मी म्हणालो, "आवाज जरा वेगळा वाटेल. स्टुडिओत तसंच असतं."

"असू दे की," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माग धुवून पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, आणि कामगार बायकापोरांसकट नवे कपडे घालून येतात. वर्षातला हा एकच दिवस असा, की सगळी शेड भरलेली असते आणि तरी शांत असते. मधल्या वाटेत पाट मांडला होता. त्यावर महादेवकाकांनी आपले पाने, पकडी, हातोडी ओळीने ठेवली होती. मी आत शिरलो आणि बघितलं, तर पान्यांच्या शेजारी दशरथच्या ड्रमच्या दोन काठ्या होत्या. काठ्यांच्या शेजारी आमची सीडी. तिन्हींवर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"पोराचंबी हत्यार हाय ते," काका मला बघून म्हणाले. "आणि हे त्यानं केल्यालं काम. हे दोन्ही नको व्हय पूजेला? ये अभ्या, नारळ तू फोड."

काका मला लहानपणापासून अभ्या म्हणत. मालकाचा मुलगा म्हणून इतर कामगार अहो-जाहो करायचे, काका नाही. मी नारळ फोडला. तो एका घावात फुटला आणि बायकांनी कौतुक केलं.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला. अण्णांनी घरून सीडी प्लेअर आणवला होता आणि त्याला शेडमधले आमचे मोठे स्पीकर जोडले होते. चाळीसएक माणसं मागांच्या मधल्या वाटांत बसली. इम्तियाज दारापाशी उभा राहिला, आत आलाच नाही. दशरथ वडिलांच्या शेजारी उभा होता. काकांनी एक हात नऊ नंबरच्या सांगाड्यावर ठेवला आणि दुसरा स्पीकरवर, अगदी माग तपासताना ठेवतात तसा. डोळे मिटले.

"लाव," ते म्हणाले.

पहिलं गाणं सुरू झालं. माझी गिटार, मग बेस, मग ड्रम. मी दशरथकडे बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते नुसतं तसंच राहिलं, मालक नसलेल्या वस्तूसारखं, आणि मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

काकांनी स्पीकरवरचा हात काढला. "बंद कर," ते म्हणाले. अण्णांनी बंद केलं. शेड पुन्हा शांत झाली.

"हे कोण वाजवतंय?"

कुणाला काही कळलं नाही. एक बाई म्हणाली, "दशरथच की, नाव हाय न्हवं वर?"

"नाव हाय. ह्यात नऊ नंबर न्हाई," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखाद्या मागात काय बिघडलंय हे कळण्याआधी ते त्याच्याकडे जसे बघत, तसे. "अभ्या, कोण वाजवतंय हे?"

अण्णा बघत होते. चाळीस माणसं बघत होती. खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं आणि ते माझ्या तोंडात तयार होतं.

"दशरथच आहे काका," मी म्हणालो. "स्टुडिओत आवाज साफ करतात. त्यामुळे वेगळं वाटतं."

"आवाज साफ केला म्हणून चाल बदलती व्हय?"

काका मुलाकडे वळले. "तू सांग. तू हाईस ह्यात?"

दशरथने पाटावरच्या काठ्यांकडे बघितलं. मग अण्णांकडे. मग बापाकडे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण मागच्या ओळीत एक तान्हं मूल रडायला लागलं आणि त्याला पाजायला घेतल्यावर ते गप्पही झालं.

"मीच हाय बापू," दशरथ म्हणाला. "तिथं कानात टकटक लावत्यात. तिच्यासंगं वाजवावं लागतंय. म्हणून तसं वाटतंय तुमास्नी."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "बरं," म्हणाले. "मग मलाच ऐकू आलं नसंल. कान म्हातारं झालं."

लोक हसले, अण्णाही हसले, आणि पुन्हा गाणं लावायचं ठरलं. काकांनी वाकून पाटावरचं सीडीचं कव्हर उचललं. त्यावरचं हळदकुंकू धोतराच्या सोग्याने नीट पुसलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"हे तुमचं घ्या," ते म्हणाले.

त्यानंतर ते मला कधी अभ्या म्हणाले नाहीत. पुढे बारा वर्षं शेडमध्ये भेटत राहिले, नमस्कार करत राहिले, "तुमी कवा आलासा," "तुमी चहा घेनार का" असं विचारत राहिले. त्या दिवशी बापलेक गाणी संपेपर्यंत थांबले, सगळ्यांबरोबर जेवले, आणि मग गेले. काठ्या पाटावरच राहिल्या. शेड रिकामी झाल्यावर मी त्या उचलून घरी नेल्या.

पुण्याच्या महोत्सवात आम्हाला जागा मिळाली. मंचावर नेल्सन बसला, कारण दशरथची पाळी बदलली होती आणि त्याला रजा नव्हती. तसा त्याने निरोप पाठवला होता, भांडण काही नाही. चारपाच हजार लोकांसमोर आम्ही वाजवलं, टाळ्याही मिळाल्या, आणि एकही माणूस पुढे झुकला नाही. सहा महिन्यांत धोटा संपला. इम्तियाज दुबईला गेला. मी आता सांगलीत सोलर पॅनेल विकतो.

एक गोष्ट मात्र मी एवढी वर्षं उराशी धरून होतो. दशरथने मला वाचवलं होतं. एवढं करूनही त्याने चारचौघांत मला उघडं पाडलं नाही, दोस्ती राखली. लाज वाटायला लागली की मी हे आठवायचो. मी हलकट निघालो तरी माझा मित्र मोठा होता, आणि त्याच्या लेखी मी अजून मित्र होतो, एवढा आधार मला पुरत असे.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका मुलाचा फोन आला. जुन्या, स्वतःच्या हिमतीवर वाजवणाऱ्या मराठी बँडची गाणी तो इंटरनेटवर चढवतोय, धोटाची सीडी त्याला रद्दीत मिळाली. कोणी काय वाजवलं त्याची नावं त्याला खातरजमा करून हवी होती. मी कपाटातून त्या काठ्या काढल्या आणि इचलकरंजीला गेलो.

आमची शेड विकून झाली होती, माग भंगारात गेले होते, महादेवकाका आणि अण्णाही गेले होते. दशरथ आता स्वतः जॉबर आहे. विक्रमनगरकडे त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी काठ्या त्याच्यासमोर ठेवल्या. कुंकू लाकडात मुरून काळं पडलं होतं. त्याने त्या हातात घेतल्या नाहीत.

"काका गेले तेव्हा यायला पाहिजे होतं मी," मी म्हणालो.

"आला असतास तर बरं झालं असतं."

मग मी पुण्याच्या मुलाचं सांगितलं, आणि ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. "दशा, तुला तेव्हाच कळलं होतं."

"बापूला पयल्या ठोक्याला कळलं. मला दुसऱ्याला."

"मग माझ्यासाठी खोटं का बोललास?"

तो खरंच गोंधळला. "तुझ्यासाठी?"

चहा आला, त्याने एक पेला माझ्याकडे सरकवला.

"तुझ्यासाठी कशाला बोलतोय मी?" तो म्हणाला. "अण्णा समोर हुतं. सगळ्या कामगारांच्या देखत मालकाचं पोरगं खोटं पाडलं असतं, तर बापू दुसऱ्या दिवशी कामावर कुठल्या तोंडानं आला असता? आला असता तरी अण्णांनी ठेवला असता का? अठ्ठावीस वर्षं काढली हुती त्यानं त्या शेडात. ताईचं लगीन तोंडावर." त्याने चहाचा घोट घेतला. "घरी जाताना बापू म्हणाला, बरं केलंस. तेवढंच म्हणाला. पुना कधी विषय न्हाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो. वीस वर्षं ज्याला मी दोस्ती समजत होतो, ती मालकाच्या मुलापुढची त्याच्या घराची भीती होती. त्या शेडमध्ये मी एकटाच स्वतःला त्याचा मित्र समजत होतो.

"मी त्या मुलाला सांगतो," मी म्हणालो. "खरं काय ते. ड्रमवर नेल्सनचं नाव लिहायला सांगतो."

"सांग की."

"आणि तुझं नाव?"

बाहेर कुणीतरी दुरुस्तीला आणलेला मागाचा भाग टेम्पोतून उतरवत होतं. दशरथ उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून म्हणाला, "माझं तसंच ऱ्हायलं तरी चालंल मला. मधलं बापूचं तेवढं काढ."